पीमाची वाळू

रेइनोची बायको आइली वारली तेव्हा मांजर त्याच्या वाट्याला आलं. त्यानं ते मागितलं नव्हतं. कपडे मुलीनं नेले, शिवणयंत्र आइलीच्या बहिणीनं नेलं, आणि मांजर कुणीच नेलं नाही म्हणून राहिलं.

मांजरीचं नाव पीमा, म्हणजे ताक. रंग पांढरट आणि तोंड नेहमी आंबट. आइलीनं तिला पिल्लू असताना आणलं होतं आणि तेव्हापासून रेइनो तिला 'तुझं मांजर' म्हणत आला होता. तुझं मांजर माझ्या खुर्चीत बसलंय. तुझ्या मांजरानं खिडकीतून पक्षी पाहिला आणि आता ओरडतंय. पीमालाही रेइनोबद्दल विशेष काही वाटत असल्याचं कधी दिसलं नव्हतं. दोघं एका घरात राहत होते आणि दोघांची ओळख आइलीमार्फत होती.

घर वार्काउस गावात, तीन मजली इमारतीच्या वरच्या मजल्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकाचा कोपरा, काचा लावलेली गॅलरी आणि न्हाणीघर. न्हाणीघरात कमोड आणि धुलाईचं यंत्र यांच्यामध्ये मांजराचा शी-शूचा ट्रे होता. तो दुसरीकडे हलवायला जागा नव्हती. स्वयंपाकाजवळ ठेवणं आइलीला चालत नव्हतं आणि पलंगाजवळ रेइनोला.

त्या ट्रेचं पुढे काय होतं हे रेइनोला माहीत नव्हतं. एवढंच ठाऊक होतं की संध्याकाळच्या बातम्या सुरू झाल्या की आइली हातात एक पिशवी घेऊन खाली जाते आणि हवामान सांगायच्या वेळेला परत येते. अंगणापलीकडचं कचराघर खिडकीतून दिसतं. तिथं जाऊन यायला एवढा वेळ का लागतो, हा प्रश्न त्याला कधी पडला नाही. कागद कारखान्यात आयुष्य काढलेला माणूस, ज्या कामाला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतो, असं धरून चालतो.

अंत्यसंस्कारानंतरच्या दिवसांत त्यानं मांजराला खायला घातलं, पाणी ठेवलं आणि आपलं कर्तव्य संपलं असं समजला. पीमानं काही दिवस वाट पाहिली. मग तिनं न्हाणीघरातल्या पायपुसण्यावर कार्यक्रम उरकला. दुसऱ्या वेळी वर्तमानपत्रावर, तेही त्यानं अजून वाचलं नव्हतं अशा पानावर. तेव्हा त्यानं तांपेरेला राहणाऱ्या मुलीला फोन लावला आणि मांजर बहुतेक दुःखात आहे, असं सांगितलं.

“बाबा, वाळू कधी काढलीस?” रीक्कानं विचारलं.

“कुठली वाळू?”

 मग तिनं लहान मुलाला सांगावं तसं सगळं सांगितलं. जाळीचं फावडं यंत्राच्या मागे टांगलेलं आहे. रोज वाळूतले घाणीचे खडे काढायचे, हातमोजे घालून. पिशवीत भरून गाठ मारायची, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घालायची आणि खाली मिश्र कचऱ्याच्या डब्यात टाकायची. आठवड्याला सगळी वाळू बदलायची, ट्रे कढत पाण्यानं आणि साबणानं धुवायचा, भांडी धुतो त्या ब्रशनं नाही. मग हात धुवायचे. वाळूच्या पाकिटावर हिरवं पान काढलेलं असलं तरी ओल्या कचऱ्याच्या डब्यात घालायची नाही. आणि संडासात तर अजिबात टाकायची नाही.

ते शेवटचं रेइनोला सांगावं लागलं नसतं. इमारतीचे पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप नुकतेच बदलले होते. त्यासाठी सगळे जण एक अख्खा उन्हाळा नातेवाइकांकडे जाऊन राहिले होते, आणि संडासात काय टाकायचं नाही याबद्दल सोसायटीची अध्यक्ष हेल्वी सभेत इतकं बोलली होती की काही लोकांना संडासात बसायचीच भीती वाटू लागली होती. हेल्वी रेइनोच्या बरोबर खालच्या घरात राहायची.

तर रेइनोनं फावडं शोधलं आणि काम शिकून घेतलं. काम अवघड नव्हतं. कारखान्यात याहून वाईट वासाची कामं होती. अवघड होतं ते पिशवी खाली नेणं.

बाहेर पडण्याआधी तो दाराला कान लावून जिन्यात कुणी आहे का ते ऐकायचा. हे तो पूर्वीही करायचा. इमारतीत सगळेच करायचे, त्यात वाईट काही नव्हतं. पण आता कुणी भेटलं तर गोष्ट वेगळी होती. भेटणाऱ्याला आइलीबद्दल काहीतरी बोलावं लागणार, आणि काय बोलावं ते त्याला सुचणार नाही. मग रेइनोला त्याची अडचण दूर करावी लागणार, आणि ती कशी करतात ते रेइनोला ठाऊक नव्हतं. एकदा कचराघरात दुसऱ्या जिन्यातला एक माणूस भेटला होता. तो रेइनोला बघून काचेच्या डब्यावरची सूचना वाचत उभा राहिला. सूचना फक्त 'काच' अशी होती. रेइनो निघून जाईपर्यंत तो ती वाचत होता.

आणि बातम्यांच्या वेळेला, आइली जायची नेमक्या त्याच वेळेला, खालचं दार रोज वाजायचं. हेल्वीची पावलं उतरत जायची. रेइनो पिशवी हातात धरून आतल्या बाजूला उभा राहायचा. ती परत येईल मग जाऊ, असं ठरवायचा. ती बराच वेळ येत नसे.

नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी उभं राहून राहून त्याचा पाय दुखू लागला, तेव्हा त्यानं पिशवी तेवढ्यापुरती गॅलरीत ठेवली. सकाळी बघितलं तर ती दगडासारखी कडक झाली होती. त्यानं ती नाकाजवळ धरली. काही वास नव्हता. गाजराला जेवढा वास असतो तेवढाही नव्हता.

गॅलरी हिवाळ्यात फ्रिजसारखी वापरायची हे काही नवीन नव्हतं. आइली नाताळचं मांस तिथंच ठेवायची, बेरींचे डबे तिथं असायचे, माशाचा रस्सा जास्त झाला तर पातेलं तिथं जायचं. रेइनोनं फक्त तीच पद्धत मांजराला लावली. बेरींचे डबे त्यानं आत घेतले, म्हणजे स्वच्छतेचा नियम त्यानं पाळलाच. रोज खडे काढले, गाठ मारली, दुसऱ्या पिशवीत घातले, हात धुतले आणि गॅलरीचं दार उघडून पिशवी बादलीत टाकली. बादली भरली तेव्हा माशाची पेटी काढली. पेटी भरली तेव्हा आइलीचं कपडे धुवायचं जुनं घंगाळ. आठवड्याच्या वाळूच्या मोठ्या पिशव्या भिंतीशी एकावर एक, कारखान्यात कागदाची रिळं रचायचे तशा. रचना चांगली होती. फेब्रुवारीत त्यानं स्की पलंगाखाली नेले आणि बागेतली खुर्ची तळघरात, तेव्हा कुठे जागा पुरली.

इमारतीत सर्वांत स्वच्छ मांजर आपल्याकडे आहे, असं त्याला मनापासून वाटू लागलं होतं.

फेब्रुवारीतच रीक्काचा फोन आला की तिला दिवस गेले आहेत. हे ती थोडं उशिरा सांगत होती, कारण आधी नक्की व्हायचं होतं. ईस्टरला ती आणि नवरा सामुली वार्काउसला येणार होते, आणि बाळ झाल्यावर उन्हाळ्यात ती बराच काळ बापाकडे राहायला यायचं म्हणत होती. सामुलीला कामासाठी गावोगाव फिरावं लागायचं. रेइनो म्हणाला की या. त्याला आणखीही काही म्हणायचं होतं, पण रीक्का पुढच्या मुद्द्यावर आली होती.

मुद्दा मांजराचा होता. दवाखान्यातल्या नर्सनं सांगितलं होतं की मांजराच्या विष्ठेतून एक रोग पसरू शकतो आणि पोटातल्या बाळाला त्याचा धोका असतो. मांजर घरात असायला हरकत नाही. गरोदर बाईनं ट्रेला हात लावायचा नाही, आणि दुसऱ्या कुणीतरी तो रोजच्या रोज साफ करून घाण घराबाहेर टाकायची, कारण ती पडून राहिली की धोका वाढतो. रीक्काला एवढं पुरेसं होतं. सामुलीला नव्हतं. सामुली लिफ्ट तपासायचं काम करायचा आणि जगाकडे त्याच नजरेनं बघायचा. आजवर पडली नाही म्हणजे उद्या पडणार नाही, हे त्याला कुणी पटवून देऊ शकत नसे. इसाल्मी गावाला त्याच्या भावाची गुरं होती, मोठा गोठा होता. पीमानं तिकडे जावं, असं त्याचं म्हणणं होतं.

“थोड्या दिवसांसाठी,” रीक्का म्हणाली. तिलाही ते खरं वाटत नसावं. “बाबा, मी त्याला सांगितलंय, घर स्वच्छ असेल तर पीमा राहील. नसेल तर मला काही बोलता येणार नाही. तू रोज काढतोस ना?”

“रोज काढतो,” रेइनो म्हणाला.

“वास येतो का?”

“अजिबात नाही.”

दोन्ही उत्तरं खरी होती. गॅलरीचा विषय निघाला नाही. आधी त्याला तो सुचला नाही म्हणून निघाला नाही, आणि फोन ठेवल्यावर सुचला म्हणून पुढच्या फोनला निघाला नाही.

त्या रात्री पीमा पहिल्यांदा त्याच्या पायाशी येऊन झोपली. आइलीच्या बाजूला, पण पायाशी. रेइनोनं पाय हलवला नाही. सकाळी पायाला मुंग्या आल्या होत्या.

त्या वर्षी ईस्टर उशिरा आला. त्याच्या आदल्या रविवारपर्यंत, पाम रविवारपर्यंत, गोठलेल्या तळ्यावर लोक चालत होते. सोमवारी ऊन पडलं. मंगळवारी आणखी पडलं. बाहेर अंगणात बर्फाचे काळे ढीग अजून तसेच होते, पण काचा लावलेल्या गॅलरीत उन्हाळा सुरू झाला. बुधवारी रेइनोनं खोलीतून बघितलं तर काचांवर आतून वाफ धरली होती. दार उघडून बघावं असं त्याच्या मनात आलं. त्यानं बघितलं नाही. तो दुकानात गेला, पाहुण्यांसाठी कॉफी आणि मेम्मी नावाच्या ईस्टरच्या खिरीचे दोन डबे घेऊन आला आणि खोल्या पुसल्या.

गुरुवारी दुपारी दारावरची घंटा वाजली. ती कित्येक महिन्यांत वाजली नव्हती, त्यामुळे कसला आवाज आहे हे त्याला लगेच कळलं नाही. पीमाला कळलं. ती पलंगाखाली स्कींच्या शेजारी जाऊन बसली.

दारात हेल्वी होती. हातात टोमॅटोच्या रोपांचा ट्रे.

“तुझ्या गॅलरीतून पाऊस पडतोय,” ती म्हणाली. “बाहेर मात्र ऊन आहे.”

रेइनोनं रोपांकडे बघितलं. पानांवर तपकिरी थेंब होते. हेल्वीनं ती फेब्रुवारीपासून खिडकीत दिवा लावून वाढवली होती आणि त्याच सकाळी पहिल्यांदा गॅलरीत ठेवली होती.

तो बाजूला झाला. हेल्वी आत आली, खोली ओलांडून गेली आणि गॅलरीचं दार तिनंच उघडलं. आणि लगेच लावलं. मग नाकावर मफलर घेऊन पुन्हा उघडलं आणि बराच वेळ बघत उभी राहिली. बादली, पेटी, घंगाळ, भिंतीशी रचलेली थप्पी. थप्पी आता एका बाजूला कलली होती. खालच्या पिशव्या फुगून फाटल्या होत्या आणि त्यांतून जे काही निघत होतं ते कोपऱ्यातल्या मोरीकडे चाललं होतं.

“काय आहे हे?”

“मांजराची वाळू.”

“किती मांजरं आहेत तुझ्याकडे?”

“एक.”

हेल्वीनं मान हलवली. तिला ते पटलं असं नाही, पण नोंद घेतल्यासारखी हलवली. मग विचारलं की कधीपासून. रेइनो म्हणाला, नोव्हेंबरपासून.

“का? खाली डबा आहे. मीच मागवलाय तो.”

रेइनो म्हणाला की नेमक्या त्या वेळेला जिन्यात कुणीतरी असतं.

“मी असते,” हेल्वी म्हणाली. “आइली आणि मी त्याच वेळेला जायचो. ती मांजराची पिशवी घेऊन, मी काहीतरी घेऊन. कधी कधी माझ्याकडे टाकायला काही नसायचं तर मी रिकामं दुधाचं खोकं न्यायची. अजून जाते. मला वाटलं, मांजराची वाळू आता तुला काढावी लागणार, म्हणजे कधीतरी येशील.”

रेइनो गॅलरीच्या काचेकडे बघत राहिला. कचराघर तिथून दिसत होतं. त्यानं एवढंच विचारलं की तिथं उभं राहून आइली काय बोलायची.

“तुझ्याबद्दल फार नाही,” हेल्वी म्हणाली. “मांजराबद्दल जास्त.”

मग ती रोपं जमिनीवर ठेवून कामाला लागली. हे सगळं इमारतीच्या डब्यात टाकता येणार नाही, ती म्हणाली. डबा आधीच भरलाय, आणि सण संपेपर्यंत गाडी येणार नाही. तोपर्यंत अंगणात कुणाला उभं राहता आलं नसतं, आणि पुढच्या सभेत तिलाच उत्तर द्यावं लागलं असतं. रेइनोनं रानात खड्डा काढायचं सुचवलं. ती म्हणाली, तळ्याला लागून रान आहे आणि त्या तळ्यात तिची नातवंडं पोहतात.  गावाबाहेरचं कचरा केंद्र संध्याकाळपर्यंत उघडं होतं. हेल्वीच्या भावाची गाडीमागे जोडायची ट्रॉली अंगणात पडून होती, पण ती ओढायला हुक असलेली गाडी हवी होती. रेइनोनं गाडी विकली होती.

“पाहुणे कधी येतायत तुझे?” हेल्वीनं विचारलं. तिला माहीत होतं. कसं माहीत होतं ते तिनं सांगितलं नाही.

“संध्याकाळी.”

“त्यांच्या गाडीला हुक आहे का?”

रेइनोनं हो म्हटलं. सामुलीच्या गाडीला सगळंच होतं. पण ते यायच्या आत हे इथून गेलं पाहिजे, तो म्हणाला, आणि का ते त्यानं थोडक्यात सांगितलं: रीक्काला दिवस गेलेत, नर्सनं असं म्हटलंय, आणि हे दिसलं तर मांजर इसाल्मीला जाणार. हेल्वीनं ऐकून घेतलं. तिच्या मते वेळ नव्हता. तरी तिनं जाड हातमोजे आणि मोठ्या काळ्या पिशव्या आणल्या आणि दोघांनी भरायला सुरुवात केली. एकानं काळी पिशवी धरायची, दुसऱ्यानं फाटकी पिशवी फावड्यानं आत ढकलायची, गाठ, वरून आणखी एक पिशवी. वाळू भिजल्यावर किती जड होते याची रेइनोला कल्पना नव्हती. पहिल्या चार-पाच पिशव्या त्यांनी जिन्यातून खाली नेऊन ट्रॉलीत टाकल्या. जिन्यात एकही दार उघडलं नाही. दारांच्या मागे मात्र माणसं उभी असल्याचं कळत होतं.

पुढची पिशवी रेइनो ट्रॉलीजवळ उतरवत होता तेव्हा सामुलीची गाडी अंगणात शिरली. त्यांनी लवकर यायचं ठरवलं होतं, वडिलांना आनंद होईल म्हणून.

रीक्का खाली उतरली आणि पुन्हा गाडीत बसली. सामुली उतरला आणि उभा राहिला. गाडीच्या मागच्या सीटवर मांजर न्यायचा नवा पिंजरा होता, त्याचं लेबलही काढलेलं नव्हतं.

“हे काय आहे?” त्यानं विचारलं.

रेइनोनं सांगितलं. सांगताना त्यानं काही गाळलं नाही. एव्हाना गाळण्यासारखं काही उरलं नव्हतं. गॅलरी, बादली, पेटी, घंगाळ, थप्पी, मोरी. मांजराची यात चूक नाही, तो म्हणाला, तिनं सगळं जागच्या जागी केलं होतं. घाण त्यानं केली होती.

रीक्कानं गाडीची काच बोटभर खाली घेतली. “बाबा, तू म्हणालास वास येत नाही.”

“तेव्हा येत नव्हता.”

तिनं काच वर घेतली. हेल्वीनं दुसऱ्या बाजूनं गाडीचं दार उघडलं आणि तिला हाताला धरून आपल्या घरी नेलं, पलीकडच्या खोलीत बसवलं आणि खिडकी उघडून दिली. सामुली मागे राहिला. त्यानं गाडीतून कामावरचे हातमोजे काढले, संरक्षक चष्मा आणि तोंडाला लावायचा मास्क बाहेर काढला. हे सगळं त्याच्याकडे नेहमीच असायचं. ते चढवून तो वर गेला.

कचरा केंद्रावरच्या माणसानं ट्रॉलीत डोकावून विचारलं की काय आहे.

“मांजराची वाळू,” सामुली म्हणाला.

“मांजरं पाळण्याचा धंदा आहे का?”

“नाही. सासरे आहेत.”

माणसानं मिश्र कचऱ्याच्या मोठ्या डब्याकडे हात केला आणि पुढचं काही विचारलं नाही.

परत येऊन सामुली आणि रेइनोनं गॅलरी कढत पाण्यानं आणि साबणानं घासली, पाणी फडक्यानं टिपून बादलीत पिळलं, खाली एक थेंब जाऊ दिला नाही. फडकी आणि घंगाळही सणानंतरच्या खेपेसाठी ट्रॉलीत गेली. हेल्वीची गॅलरी रेइनोनं एकट्यानं धुतली. मग दोघं जिन्यात उभे राहिले आणि कुणी घरात घ्यावं अशा लायकीचे राहिले नव्हते. हेल्वीनं खालून सांगितलं की गुरुवारी इमारतीच्या सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीत, तिची वेळ राखलेली असते, आणि आज ती त्यांनी घ्यावी. हेल्वीनं आपली वेळ कुणाला दिल्याचं इमारतीत कुणाच्या आठवणीत नव्हतं. रेइनोनं नको म्हणून बघितलं. हेल्वी म्हणाली की ती उदारपणा करत नाहीये, वास घेतेय.

सौनात दोघं वरच्या फळीवर बसले. रेइनोनं तापल्या दगडांवर पाणी टाकलं. 

मग सामुली बोलू लागला. तो रागानं बोलत नव्हता. भावाचा गोठा उबदार आहे, तो म्हणाला. दूध मिळतं, उंदीर भरपूर. रेइनो म्हणाला की पीमानं अजून उंदीर बघितलेला नाही. शिकेल, सामुली म्हणाला. ती म्हातारी आहे, रेइनो म्हणाला.

“मी तुम्हाला दोष देत नाही,” सामुली म्हणाला. “पण मला माझ्या बाळाचा विचार करायचाय. आणि खरं सांगा, तुमचं तिच्यावाचून काय अडतं? तुमचं तर ते मांजरही नाही. रीक्का सांगते, तुम्ही कधी तिला हात लावला नाही.”

रेइनोनं आणखी पाणी टाकलं. वाफ आली तसा सामुली एक फळी खाली उतरला. रेइनो वरच बसला.

“सकाळी मी उठतो,” तो म्हणाला, “ते तिला खायला घालायचं असतं म्हणून.”

सामुलीनं वर बघितलं.

“ती ओरडते. मी उठतो. मग उठलोच आहे म्हणून कॉफी करतो. कॉफी झाली की दिवस सुरू होतो.” रेइनोनं पाण्याची पळी बादलीत ठेवली. “ती गेली तर मला कशासाठी उठायचं, ते तू सांग. मी तसं करीन.”

दगड बराच वेळ तडतडत होते. सामुलीनं तोंडावरून हात फिरवला. विचार करताना तो ओठांनी हळूच हिशेब केल्यासारखं करायचा, तसं त्यानं केलं.

“रोज काढाल?”

“रोजच काढत होतो.”

“खाली नेऊन टाकाल? गॅलरीत नाही.”

“खाली.”

“बर्फ असला तरी?”

“असला तरी.”

“जिन्यात कुणी असलं तरी?”

हे त्याला हेल्वीनं सांगितलं असणार. रेइनोनं पळी पुन्हा उचलली आणि परत ठेवली.

“असलं तरी,” तो म्हणाला.

“इथं असेपर्यंत मी तपासीन. उन्हाळ्यात रीक्का आली की मी शनिवार-रविवार येऊन तपासीन. एक दिवस जरी चुकला तरी पीमा इसाल्मीला.”

“तपास,” रेइनो म्हणाला.

वर आल्यावर सामुलीनं हे हेल्वीकडून परत आलेल्या रीक्काला सांगितलं. ती म्हणाली की तिची हरकत नव्हतीच, आणि बापाच्या ओल्या डोक्यावर टॉवेल टाकून ते जरा जास्तच जोरात पुसलं. ट्रे नवीन वाळू भरून जागेवर गेला. न्हाणीघराचं दार पीमापुरतं उघडं ठेवायचं ठरलं. पिंजरा जिन्याखाली ठेवला, कारण घरात जागा नव्हती. मग सगळे टेबलाशी बसले आणि रेइनोनं मेम्मी वाढला. मेम्मी म्हणजे राय नावाच्या धान्याची काळी, दाट, जरा लिबलिबीत खीर, आणि वर साय. सामुलीनं आपल्या बशीकडे बघितलं. मग दुपार आठवून तो म्हणाला की आज कॉफीच बरी. त्याची बशी हेल्वीनं संपवली.

गुड फ्रायडेला सामुलीनं तपासणी केली. तो न्हाणीघराच्या दारात उभा राहिला, फावडं कसं फिरतं ते बघितलं, गाठ ओढून बघितली, दुसरी पिशवी बघितली, रेइनोनं हात किती वेळ धुतले ते बघितलं आणि मग त्याच्यासोबत खाली गेला. कचराघरात हेल्वी दुधाचं खोकं घेऊन उभी होती. तिघं थोडा वेळ थांबले. टोमॅटोची रोपं गेली, हेल्वी म्हणाली. मोड आलेलं आणखी बी आहे. सामुलीनं टोमॅटोला माती कोणती घालतात ते विचारलं. शनिवारीही तसंच झालं, फक्त त्या दिवशी मातीवरून बोलणं जास्त लांबलं आणि रेइनोनंही एक-दोन वाक्यं घातली.

रविवारी सामुली जेवून आडवा झाला. बातम्या सुरू झाल्या तेव्हा रेइनोनं खडे काढले, दोन गाठी मारल्या, हात धुतले आणि कोट घालून खोलीच्या दारावर टकटक केली.

“तपासायचं नाही का?”

“आज नको,” आतून सामुलीचा झोपाळलेला आवाज आला. “विश्वास आहे माझा.”

रेइनो पिशवी हातात धरून उभा राहिला. पीमा येऊन त्याच्या बुटाला घासून गेली आणि स्वयंपाकघराकडे निघाली.

“तरी ये,” तो म्हणाला.

आत पलंग करकरला. सामुली मोजे घालू लागला.